सात तटस्थ आणि एडिंबरातले बारा दिवस

२८ एप्रिल २०२४, रविवार

तिकीट फेब्रुवारीतच काढलं होतं. मार्चमध्ये लोकसभेच्या तारखा लागल्या आणि कळलं, साताऱ्याचं मतदान ७ मेला, म्हणजे नेमका मी इथे असणार. घरात बोलणी बसली. आयुष्य विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून गेलं, दुसऱ्यांची मतं लघुलिपीत टिपण्यात, आणि स्वतःचं मत बुडवून भाचीकडे निघालो. भाऊ तर निघेपर्यंत फुरंगटून होता.

एडिंबराच्या विमानतळावर जावई घ्यायला आले होते. बाहेरच ट्राम लागते, ती थेट लीथपर्यंत जाते. मी मुंबईतून नुकताच सुटलेला माणूस, बसायला जागा मिळाली यातच खूश. तर जावई म्हणाले, "मामा, ही ट्राम अल्पमतातल्या सरकारच्या नाकावर टिच्चून झालेली आहे." त्यांना माझी नस बरोबर ठाऊक आहे.

गोष्ट २००७ची. स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एस.एन.पी., स्वतंत्र स्कॉटलंड मागणारा पक्ष, १२९ पैकी ४७ जागा घेऊन सरकारात बसली. ट्रामचं काम रद्द करू, हे त्यांचं आश्वासन. जूनमध्ये सभागृहात मतदान झालं, ८१ विरुद्ध ४७. सरकार हरलं. राजीनामा नाही, काही नाही. सभागृह म्हणतंय ना, मग होऊ दे ट्राम, म्हणून पैसे दिले. पुढे त्या ट्रामने सगळ्यांनाच रडवलं. ७७ कोटी ६० लाख पौंड गेले, २०१४ उजाडलं, आणि तेव्हाही ती लीथच्या अलीकडेच थांबली. लीथला पोचली ती गेल्या वर्षी. म्हणजे मी ज्या सीटवर बसलो होतो ती एका पराभवातून आलेली होती.

घरी पोचल्यावर वरण-भात आणि झोप.

२९ एप्रिल, सोमवार

सकाळी चहा घेताना जावयांनी फोन पुढे केला. दुपारी फर्स्ट मिनिस्टर बोलणार. फर्स्ट मिनिस्टर म्हणजे इथला मुख्यमंत्री. सैन्य, परराष्ट्र, मोठा कर, हे सगळं लंडनकडे. शाळा, दवाखाने, पोलीस, न्यायालयं इथे. आपल्या राज्यासारखंच, पण राज्यपाल नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हमझा युसुफ वर्षभरच त्या खुर्चीवर होते. आडनाव वाचूनच कळेल, वडिलांचं मूळ पाकिस्तानातल्या पंजाबात. समोरच्या लेबर पक्षाचे इथले नेते अनस सरवर, तेही त्याच बाजूचे. आणि लंडनला पंतप्रधान ऋषी सुनक. पंजाबच्या मातीत काय आहे कोण जाणे.

तर झालेलं असं. एस.एन.पी.चे आमदार ६३. बहुमत नाही. २०२१पासून ग्रीन पक्षाच्या सात जणांशी करार होता, त्यांचे दोघे मंत्री होते. या महिन्यात सरकारने २०३० सालचं प्रदूषण कमी करण्याचं उद्दिष्ट सोडून दिलं. ग्रीनवाले चिडले, करार ठेवायचा का यावर आपल्या सभासदांचं मत घ्यायला निघाले. त्याआधीच, परवाच्या गुरुवारी, युसुफ यांनी करार मोडला आणि दोन्ही मंत्र्यांना घरी पाठवलं. आपल्याकडे जुनं वाक्य आहे, लग्न मोडायचं तर आधी दुसरं स्थळ बघून ठेवावं. यांनी बघितलं नव्हतं. त्याच दिवशी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या डग्लस रॉस यांनी फर्स्ट मिनिस्टरवर अविश्वास ठराव आणला आणि ग्रीनवाल्यांनी सांगून टाकलं, आम्ही ठरावाच्या बाजूने.

मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. १२९ मधून पीठासीन अधिकारी, म्हणजे इथल्या सभागृहाचे अध्यक्ष, वजा, राहिले १२८. कॉन्झर्व्हेटिव्ह ३१, लेबर २२, ग्रीन ७, लिबरल डेमोक्रॅट ४ आणि अल्बा पक्षाच्या एकट्या ॲश रीगन. पासष्ट विरुद्ध त्रेसष्ट. रीगनबाई वळल्या तर चौसष्ट-चौसष्ट, आणि बरोबरीत पीठासीन अधिकारी आहे ते चालू ठेवायच्या बाजूने मत देतात. म्हणजे सगळं सरकार एका बाईंवर. गंमत अशी की त्या मुळात एस.एन.पी.च्याच, गेल्या वर्षी युसुफ यांच्याविरुद्ध नेतेपदाला उभ्या राहिलेल्या, आणि हरल्यावर बाहेर पडलेल्या. त्यांच्या अल्बाचे नेते कोण, तर ॲलेक्स सॅमंड. २००७चं ते ४७ जणांचं सरकार ज्यांनी चालवलं तेच. एका मताची किंमत त्यांना शिकवायला नको.

दुपारी आम्ही शार्लट स्क्वेअरला गेलो. सहा नंबरचं घर, ब्यूट हाउस, फर्स्ट मिनिस्टरांचं सरकारी निवासस्थान. बाहेरून एक नीटनेटकी दगडी चाळच म्हणा, गेट नाही, रणगाडे नाहीत. पत्रकारांची गर्दी मात्र दांडगी. आत युसुफ बोलत होते, आम्ही बाहेर फुटपाथवर जावयांच्या फोनवर ऐकत होतो. सत्तेसाठी तत्त्वं विकून कुणाशीही सौदा करणार नाही, असं म्हणाले आणि राजीनामा जाहीर केला. घरच्यांविषयी बोलताना आवाज कापरा झाला. भिंतीपलीकडे माणूस रडतोय आणि आपण फोनवर बघतोय, हे विचित्र वाटलं.

३० एप्रिल, मंगळवार

संसदेची इमारत बघितली. रॉयल माइलच्या अगदी तळाला, समोर राजवाडा, मागे डोंगर. एनरिक मिरालेस नावाच्या स्पॅनिश वास्तुकाराची कल्पना. इमारत उभी राहायच्या चार वर्षं आधी, २०००मध्ये तो गेला. खर्च ४१ कोटी ४० लाख पौंड, सुरुवातीच्या अंदाजाच्या दसपट. इथल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, आकडा तोंडपाठ.

मला बाहेरून ती काही आवडली नाही. बांबूची कामटी मारल्यासारख्या खिडक्या. पण आत प्रत्येक आमदाराच्या खोलीत त्या खिडकीत एक बाक कोरलेला आहे, विचार करायला बसण्यासाठी! आमच्या आमदार निवासात विचार करायला कुणी खास जागा मागितल्याचं आठवत नाही.

सभागृहावर लाकडाच्या तुळयांचं जाळं आहे. २००६मध्ये त्यातली एक निसटून डोक्यावर लोंबली होती आणि सभागृह काही काळ दुसरीकडे भरवावं लागलं. बाकं अर्धवर्तुळात. मी नवखा असल्यासारखं विचारून घेतलं, प्रतिवेदक कुठे बसतात. मग त्या जागेकडेच बघत बसलो.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिन. भाचीने सकाळी शिरा केला.

युसुफ जाणार म्हटल्यावर रॉस यांच्या ठरावात दम उरला नव्हता. पण लेबरचा दुसरा ठराव होता, तो एका माणसावर नाही, सगळ्या सरकारवर. कायद्याने यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसावरचा ठराव मंजूर झाला तर नुसती नाचक्की. सरकारवरचा मंजूर झाला तर सगळ्या मंत्र्यांना जावंच लागतं, मग २८ दिवसांत सभागृहाने नवा फर्स्ट मिनिस्टर निवडायचा, नाही जमलं तर निवडणूक.

प्रेक्षक गॅलरीचा पास फुकट असतो. विमानतळासारखी तपासणी, मग वर. मी कडेची खुर्ची धरली, तिथून खालची बाकं मोजता येत होती. सवय. भाषणं नेहमीसारखीच, तुम्ही राज्य बुडवलं, नाही तुम्ही बुडवलं. इंग्रजीत जरा सौम्य वाटतं इतकंच. अध्यक्षाच्या आसनासमोर चांदीची गदा ठेवलेली असते, तिच्यावर चार शब्द कोरले आहेत: शहाणपण, न्याय, करुणा, सचोटी. आरडाओरडा चालू झाला की मी त्या गदेकडे बघायचो.

संध्याकाळी मतदान. बाजूने ५८, विरोधात ७०. सरकार वाचलं. सहाच दिवसांपूर्वी ज्यांना घराबाहेर काढलं त्या सात ग्रीनवाल्यांनी सरकारच्याच बाजूने हात दिला. त्या माणसावर राग होता, सरकार पाडायचं नव्हतं. हे दोन ठराव वेगळे का, ते तिथे कळलं.

मतदान फोनवरच्या ॲपवरूनही करतात. ॲप अडकलं तर सदस्य उठून हरकतीचा मुद्दा म्हणून सांगतो, जोडलं गेलं नाही, मी अमुक मत दिलं असतं. जावई म्हणाले, हे इथे रोजचंच. आणि रात्री घरी येईपर्यंत सगळं कामकाज शब्दशः छापून संकेतस्थळावर! खाली दोन याद्या, कोण बाजूने, कोण विरोधात, नावानिशी.

मला १२ नोव्हेंबर २०१४ आठवला. आमच्या सभागृहात भाजपचे सदस्य १२१, बहुमताला हवेत १४५. शिवसेना विरोधी बाकावर, राष्ट्रवादीने न मागता बाहेरून पाठिंबा देऊ केलेला. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव मांडला गेला आणि तो आवाजी मतदानाने संमत झाला. मतविभागणी मागणाऱ्यांचा आवाज, "होय"वाल्यांचा आवाज, सगळा एकच कल्लोळ. राष्ट्रवादीच्या एक्केचाळीस जणांनी "होय" म्हटलं, "नाही" म्हटलं की नुसते बसून राहिले? कार्यवाहीत त्याची नोंद नाही. असूच शकत नाही. आवाजाला नाव नसतं. आमच्या हातून गेलं ते एवढंच: ठराव संमत झाला. त्या दिवशी विरोधी पक्षनेते झाले एकनाथ शिंदे. महिनाभरात ते मंत्री होते, पुढे मुख्यमंत्रीही झाले.

भाचीला हे सांगत होतो, तर ती म्हणाली, "मामा, शिरा गार होतोय." सकाळचा शिरा परत गरम केला होता.

२ मे, गुरुवार

किल्ला बघायला गेलो. उतरताना पायऱ्यांवर गुडघा बोलू लागला, म्हणून ग्रासमार्केटच्या एका बाकावर अर्धा तास बसलो. पूर्वी तिथे भर चौकात फाशी देत. संध्याकाळी बातम्यांत बघतो तर त्याच ग्रासमार्केटमध्ये एस.एन.पी.चे जुने नेते जॉन स्विनी यांनी युसुफ यांच्या जागी पक्षनेतेपदाची उमेदवारी जाहीर केली. मी बाकावर गुडघा चोळत होतो आणि पाच मिनिटांच्या अंतरावरून राजकारण गेलं. त्याच पक्षाच्या केट फोर्ब्स यांनीही लगेच, मी उभी राहत नाही, म्हणून सांगून टाकलं. मग राहिलंच काय.

३ मे, शुक्रवार

सेंट जाइल्स चर्चच्या मागे जुनं पार्लमेंट हाउस आहे, सतराव्या शतकातलं. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संसदा एक झाल्या, तोवर स्कॉटलंडची संसद इथे भरायची. पुढे तिथे वरिष्ठ न्यायालय आलं, ते आजही आहे. आत जायला पैसे नाहीत.

लाकडी छताचं लांबच लांब दालन. बसायला कुणी नाही, सगळे चालतायत. झग्यातले वकील, जोडीजोडीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. कारण काय, तर चालता चालता बोललं की शेजारच्याला एकच वाक्य ऐकू जातं, अख्खी केस नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि खरोखर प्रत्येक जोडीचं एकेकच वाक्य कानावर पडलं. एक वाक्य चक्क जेवणाबद्दल होतं. आमच्या विधानभवनाच्या लॉबीतही महत्त्वाची बोलणी चालताचालताच व्हायची, पण तिथे लोक खांब गाठून थांबायचे. खांबाआड कोण उभं आहे ते न बघता!

बाहेरच्या गाड्या लावायच्या जागेत २३ नंबरच्या चौकोनाखाली जॉन नॉक्स पुरलेला आहे, इथला मोठा धर्मसुधारक. त्याच्यावर एक मोटार उभी होती.

४ मे, शनिवार

रेल्वेने पिटलॉक्रीला. निघाल्यावर थोड्या वेळात फोर्थची खाडी येते आणि गाडी १८९०च्या लाल लोखंडी पुलावर चढते. डाव्या अंगाला १९६४चा झुलता पूल आणि त्यापलीकडे २०१७चा नवा. तो मधला टोलचा होता. २००८मध्ये टोल गेला, तोही त्या ४७ जणांच्या सरकारने काढला. त्यात कुणी अडवलं नाही. टोल काढायला कोण अडवणार? कोल्हापूरकरांना विचारा.

पिटलॉक्री लहानसं गाव, पर्थशर नॉर्थ मतदारसंघातलं, म्हणजे स्विनींच्याच. उद्याचा मुख्यमंत्री गावचा म्हणून कमानी असतील, फ्लेक्स असतील असं डोळ्यांपुढे होतं. एकही नाही. बेकरीत लोक पावासाठी रांगेत.

तिथे धरण आहे आणि धरणाच्या कडेने माशांसाठी जिना. सामन मासा अंडी घालायला समुद्रातून नदीच्या वर जातो, त्याला धरण आडवं आलं, म्हणून चौतीस टाक्या एकावर एक बांधल्या. एका टाकीतून दुसरीत, थोडा विसावा, मग तिसरीत. काच लावून बघायची सोय आहे. आम्ही वीस मिनिटं उभे होतो, मासा आला नाही. पाणी मात्र प्रत्येक टाकीत वेगळ्या आवाजात पडत होतं, ते ऐकत थांबलो. येताना गाडीत थालीपीठ खाल्लं.

५ मे, रविवार

कपडे धुतले. पिठलं-भात. बातमी: स्विनींविरुद्ध उभं राहू म्हणणाऱ्या एका कार्यकर्त्याने माघार घेतली.

६ मे, सोमवार

बँक हॉलिडे. स्विनी बिनविरोध पक्षनेते. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, ६ मे १९९९ला, या संसदेची पहिली निवडणूक झाली होती. भाचीला सुट्टी होती म्हणून आर्थर्स सीटच्या निम्म्या चढावर गेलो, तिथून खाली संसदेचं छप्पर दिसतं, उलट्या होड्या ओढून ठेवल्यासारखं. वारा असा की कानटोपीसुद्धा धरून ठेवावी लागली.

तिने विचारलं, इथे अल्पमताचं सरकार टिकतं कसं? मी म्हटलं, टिकत नाही, रोज नव्याने उभं राहतं. २००७ला सॅमंड यांना मतं मिळाली ४९, त्यांचे ४७ आणि ग्रीनचे दोन. लेबरच्या उमेदवाराला ४६. कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट शेवटच्या फेरीत तटस्थ राहिले. १२९च्या सभागृहात ४९ मतांवर सरकार! पुढे दोन वर्षांनी, २८ जानेवारी २००९ला अर्थसंकल्प आला. ग्रीनच्या त्याच दोघांना घरांच्या उष्णतारोधनासाठी हवे तेवढे पैसे मिळाले नाहीत, ते विरोधात गेले. चौसष्ट-चौसष्ट. पीठासीन अधिकारी ॲलेक्स फर्ग्युसन यांनी रिवाजाप्रमाणे मत टाकलं, आहे ते चालू राहू दे, म्हणजे अर्थसंकल्प नामंजूर. सॅमंड म्हणाले, सरकार सोडतो, निवडणूक घ्या. निवडणूक कुणालाच नको होती. आठवड्याभरात तोच अर्थसंकल्प थोडी डागडुजी करून परत आला आणि १२३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला.

"एकशे तेवीस?" तिचा विश्वास बसेना. "आठ दिवसांत?"

म्हटलं, सगळ्यांना पदरात काही ना काही पडलं होतं.

७ मे, मंगळवार

सकाळी उठलो तेव्हा साताऱ्यात दुपार होत आली होती. कुटुंबाच्या ग्रुपवर शाई लावलेल्या बोटांचे फोटो. भावाचं बोट, वहिनीचं बोट, पुतण्याचं पहिलंवहिलं बोट. खाली भावाचा मजकूर: "सर्वांनी मतदान केले. एक सोडून."

दुपारी गॅलरीत. आज जागा मिळायला रांग होती. इथे राज्यपाल नाही, त्यामुळे कोण आधी भेटायला गेलं, पत्रं कुणी दिली, पहाटे शपथ कुणी घेतली, हे प्रश्न उद्भवत नाहीत. सभागृह आधी मत देतं, मग नाव राजाकडे जातं. चार उमेदवार: स्विनी, रॉस, सरवर आणि लिबरल डेमोक्रॅटांचे ॲलेक्स कोल-हॅमिल्टन. विरोधकांना ठाऊक असतं, आपण हरणार. तरी उभे राहतात आणि प्रत्येकाला बोलायला मिळतं. हरणाऱ्या तिघांची भाषणं मला जास्त मोकळी वाटली. जिंकणाऱ्याला जपून बोलावं लागतं, त्याला उद्यापासून याच लोकांकडे मतं मागायची आहेत.

नियम असा की दोनाहून जास्त उमेदवार असले तर बाकी सगळ्यांची बेरीज मिळून होईल त्याहून जास्त मतं एकाला हवीत. निम्म्याहून जास्त सदस्य हवेत, असं नाही. मी पासच्या मागे लिहून ठेवलं आणि निकाल ऐकला. स्विनी ६४. रॉस ३१. सरवर २२. कोल-हॅमिल्टन ४. तटस्थ ७.

एकतीस, बावीस, चार, सत्तावन्न. चौसष्ट जास्त. झालं.

सात म्हणजे ग्रीन. त्यांनी होयही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्यावर सरकार उभं राहिलं. ते सात जण विरोधकांच्या कुठल्याही एका नावावर गेले असते तर चौसष्टास चौसष्ट झाले असते. एस.एन.पी.चे स्वतःचे त्रेसष्ट, म्हणजे एक मत बाहेरून आलेलं, तेही हिशेबात दिसतं. सगळं उघड्यावर. मी खाली प्रतिवेदकाकडे बघितलं, तो लिहीत होता की नुसता ऐकत होता ते वरून कळलं नाही. आता सगळं ध्वनिमुद्रित होतं म्हणा. पण मान खाली घालायची ती तऱ्हा मी ओळखतो.

८ मे, बुधवार

स्विनींचा शपथविधी. कुठे, तर परवा बघितलेल्या त्याच न्यायालयात, न्यायमूर्तींसमोर. मैदान नाही, मंडप नाही. आपल्या २०१४च्या शपथविधीला वानखेडे स्टेडियम लागलं होतं. संध्याकाळी कळलं, केट फोर्ब्स उपमुख्यमंत्री. आणि स्वातंत्र्य खात्याचा वेगळा मंत्री होता, ते पदच काढून टाकलं. जे आपल्या एकट्याच्या बळावर होणार नाही त्याची पाटी आधी उतरवली. मला हे शहाणपणाचं वाटलं, जावयांना नाही. ते स्वातंत्र्यवाले आहेत, जेवताना गप्प होते.

९ मे, गुरुवार

परतीचा दिवस. बॅग भरली, भाचीने वाटेसाठी दशम्या दिल्या. पुन्हा तीच ट्राम, उलट्या दिशेने. जावयांनी फोनवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं होतं, दुपारी बाराचे प्रश्न. स्विनी पहिल्यांदाच उत्तरं देत होते. मरेफील्डच्या आसपास फोनचं सिग्नल गेलं आणि सरकार मध्येच थिजलं, तोंड उघडं.

विमानतळावर भावाचा फोन आला. राग बराच निवळला होता, तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"मग काय प्रतिवेदक, यंदा तटस्थ राहिलात?"

"तटस्थ नाही," मी म्हटलं, "गैरहजर. तटस्थाला जागेवर बसावं लागतं. नोंद वेगळी होते."

"बरं, बरं," तो म्हणाला. "येताना चहा आण तिथला."